बिनकेबलची रेस

३ नोव्हेंबर, सोमवार

दीक्षाची गाडी आली! शोरूममधून थेट माझ्या दुरुस्तीच्या दुकानात. परंड्यात ती रीतच पडून गेलीय. गेली चाळीस वर्षं नवी गाडी घरी जायच्या आधी माझ्याकडं येते. मी रेसची मूठ खोलायची, केबलला तेल सोडायचं, चालवणाऱ्याचा हात बघून केबलला ढील ठेवायची. मग नातीचीच गाडी कशी सोडीन?

मूठ खोलली. आत केबलच नाही! एक काळी डबी अन् तीन बारीक वायरी. दीक्षा पोट धरून हसली. "नाना, ही राइड बाय वायर आहे. मूठ किती फिरली एवढंच ती डबी सांगते. इंजिनाला किती हवा सोडायची ते कंप्युटर ठरवतो." म्हणजे तार काढली अन् मध्ये दलाल बसवला! स्क्रू परत आवळले. तेलाची कुपी खिशातच राहिली.

पुढच्या सोमवारी पोरगी आरोग्य उपकेंद्रात सिस्टर म्हणून रुजू होणार. सव्वीस किलोमीटर. एसटी दोनच, त्या पण अवेळी. गाडी आहे तर नोकरी आहे. तिचा बाप – माझा पोरगा राजपाल – तोंड पाडून उभा होता. "एकटी पोरगी, आडरस्ता." पण गाडी त्याच्याच नावावर घेतली, हे पण खरं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दुकानात आज काम कमी, मतं जास्त.

शिवलिंग दूधवाला – कॅनी खाली ठेवायच्या आधीच सुरू. "नाना, मूठ पिळली की इंजिन वरडलं पायजे. ही गाडी आधी इचार करती, मग पळती. तसली बायकू पण नको अन् गाडी पण नको!" त्याची केबल एकदा रानात तुटली होती, तर सुतळी बांधून, एका हातानं ओढत घरी आला होता. "ह्यात सुतळी कुठं बांधू?"

महालिंगप्पा बियाणं विकत फिरतो, त्याच्याकडं असलीच मोठी गाडी. तो म्हणे, "अरे बाबा, सोलापूरला जाऊन येतो, मनगट दुखत न्हाय. पावसात रेनचा मोड लावतो, चाक सटकत न्हाय. तू सुतळी घेऊन बस!"

मला विचारलं. म्हणालो, न चालवता बोलणार नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

चालवली. स्टँडपासून नळदुरुस्तीच्या खड्ड्यांतून गावाबाहेर. मूठ लोण्यासारखी फिरते. खड्ड्यात हात हिसडला तरी गाडी हिसडत नाही. सुटताना डोळा मिटून उघडावा एवढा उशीर – सवयीनं जाईल. मला आवडली. शिवलिंगला सांगितलं नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

गाडी बंद पडली. कामाचा दुसराच दिवस! दीक्षा लशीचा डबा घेऊन निघालेली, अर्ध्या रस्त्यात पिवळा दिवा लागला. मूठ पिळली तरी इंजिन नुसतं भुरभुर, गाडी सरकेना. उसाच्या ट्रॅक्टरवर बसून गेली. दोन तास उशीर. चाळीस लेकरं अन् त्यांच्या आया उन्हात. डब्यातला बर्फ टिकला म्हणून लस वाचली.

गाडी टेम्पोत घालून आणली. संध्याकाळपर्यंत सगळ्या परंड्याचं एकच मत झालं होतं – ही गाडीच वाईट.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मूठ परत खोलली. तीनपैकी एक वायर दोन कवचांच्या मधी चिमटून चेपलेली. त्या कवचाला कंपनीनंतर एकाच माणसाचा हात लागला आहे. मी स्क्रू आवळताना आत बघितलं नव्हतं. केबलच्या गाडीत तिथं बघायला काही नसतंच.

खड्ड्यांत हँडल फिरून फिरून वायर आतून तुटली. तुकडा बदलला, सोल्डरनं झाळलं, वर रबरी बाही चढवली, कडेनं नीट बसवली. दिवा गेला. गाडी पहिल्यासारखी.

शिवलिंग दारातच होता. "बघा! कंपनीची चूक नानानं काढली! कंप्युटर झक मारतो म्हातारबापुढं!"

मी हो म्हणालो नाही. नाही पण म्हणालो नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज चौघांनी हात जोडले. एकानं पेढा दिला. खाल्ला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

राजपालनं ठरवलं – गाडी विकायची. "आज नाना होते. उद्या आडरस्त्यात कोण हाय?" तामलवाडीचा शंभू घ्यायला तयार. "नानानं दुरुस्त केली म्हंजे पक्की. अन् रानात बंद पडली तर मी ढकलीन, मला काय लस द्यायचीय!" बुधवारी न्यायला येतो.

राजपाल गाडी देत नाही, म्हणून दीक्षा सध्या एसटीनं जाते, रोज उशिरा पोचते. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बुधवारपासून वेळेवर या, नाहीतर आम्हाला दुसरी सिस्टर बघावी लागेल. पोरीनं भाकरी मोडून ताटात तशीच ठेवली.

विठाबाईला झोपायच्या आधी खरं सांगितलं. पन्नास वर्षांचा संसार, तिच्यापुढं तरी काय लपवायचं. ती म्हणाली, "म्हंजे तुमचं नाव झालं अन् पोरीची नोकरी गेली. बसा मिरवत!"

१६ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं. दुकानात, सगळ्यांपुढं – राजपाल, शिवलिंग, महालिंगप्पा. गाडीत खोट नव्हती. मी मूठ उगाच खोलली, मीच वायर चेपली.

कुणी मानलंच नाही!

शिवलिंग हसला. "गप बसा नाना. नातीपायी कायबी अंगावर घ्याल तुमी." महालिंगप्पा – ज्याला ती गाडी आवडते, तो सुद्धा – म्हणाला, "मन मोठं हाय तुमचं." राजपाल हात जोडून म्हणाला, "चाळीस वर्षांत तुमचा एक स्क्रू चुकला न्हाय. माझ्याच लेकराच्या गाडीला चुकला व्हय? मला नका शिकवू, नाना."

एवढी वर्षं मी इंजिनाचा आवाज ऐकून नुसता अंदाज सांगायचो, तरी लोक मान हलवायचे. आज डोळ्यांनी बघितलेलं सांगितलं.

जाताना राजपालनं चावी माझ्याच हातात ठेवली. "शंभूलाच द्या. दुसऱ्या कुणाला न्हाय."

१७ नोव्हेंबर, सोमवार

दीक्षाला कालचं कळलं. विठाबाईनं चहा तिच्याच हाती पाठवला, तर कप ठेवून निघाली. मग दारात थांबली. "नाना, बर्फ वितळला असता तर? चाळीस लेकरांची लस हुती त्यात. मला मंगळवारीच का न्हाय सांगितलं?"

पेढ्याचं काय सांगणार.

विठाबाई सोडली तर अख्ख्या गावात ही एकटीच माझं खरं मानते. म्हणून एकटीच रागावली आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

गाडी घेऊन एकटाच उपकेंद्रापर्यंत गेलो अन् आलो. बावन्न किलोमीटर. वाटेत सहा वेळा थांबून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघितलं. दिवा लागला नाही. कंबर मात्र गेली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शंभू दहाला आला. दीक्षा साडेसातलाच गाडीवर गेली होती, आठ वीसला पोचल्याचा फोनही आला. राजपाल माझ्यावर धावून आला – "चावी कुणी दिली?" म्हणालो, मी. खोट असती तर नातीला दिली असती का? मग त्यानं हळूच विचारलं, "म्हंजे... खरंच तुमच्या हातनं झालं हुतं?"

व्हय म्हणालो. शंभूला त्यानंच परत पाठवलं.