कोपनहेगनची बिनब्रेकची सायकल

शारजा, शुक्रवार, १८ जुलै २००३

तीर्थरूप दत्तामामांस,

गिरिजाचा साष्टांग नमस्कार (एसीने फरशी इतकी गार पडलीय की खरा साष्टांग घातला तर पाठच धरेल, म्हणून सोफ्यावर बसूनच घातलाय, गोड मानून घ्या). तुमचं हर्नियाचं ऑपरेशन व्यवस्थित झालं आणि तुम्ही स्वतः चिपळूणच्या बाजारात जाऊन मासे घेऊन आलात, हे मामीच्या पत्रातून कळलं. जीव भांड्यात पडला. आम्ही तिघं खुशाल. उन्हाळा असा आहे की थंड पाण्याचा नळ सोडला तर चटका बसतो, म्हणून गीझर बंद ठेवून आम्ही गरम पाण्याचा नळ थंड म्हणून वापरतो.

आता बातमी. मामा, मी सायकल चालवली! भर कोपनहेगनात! एकटीने! तुमचे जावई जबल अलीत ज्या कंपनीत पंप विकतात, तिने त्यांना आठवडाभर ट्रेनिंगला डेन्मार्कला धाडलं आणि यंदाची सुट्टी नि सुट्टीचे पैसे त्यात घालून त्यांनी मला आणि आभालाही नेलं. (त्यामुळे यंदा गणपतीला गावी जाणं नाही, हेही त्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं.)

पण त्याआधी माझं रडगाणं ऐका, नाहीतर सायकलीचं महत्त्व कळायचं नाही. इथे लायसन नसलेली बाई म्हणजे घरातलं सामान, कोणीतरी उचलून नेलं तरच जाणार. आणि मी ड्रायव्हिंगच्या परीक्षेत पाच वेळा नापास! अजीज उस्ताद शिकवतात चांगलं, पण परीक्षेला शेजारी पोलीस येऊन बसला की माझे हातपाय माझे राहत नाहीत. दोन वळणं झाली की तो म्हणतो, "खलास, नेक्स्ट टाइम इन्शाल्ला." सहावी परीक्षा या सोमवारी आहे आणि ही शेवटची, असं तुमच्या जावयांनी बजावलंय. त्यांचं एक सोडा. पण आभा आता अकरा वर्षांची झालीय, आणि मला कोणी काही विचारलं की माझ्याआधी तीच उत्तर देते. मम्मी कान्ट ड्राइव्ह. मम्मी कान्ट कम. फार लागतं हो मामा ते.

तर कोपनहेगन. काय वर्णू! जुने राजवाडे, तांब्याचे हिरवे पडलेले कळस, शेकडो वर्षांच्या इमारती आणि त्यांच्यासमोरून सायकलींचा नुसता लोंढा. सूटबूटवाले साहेब सायकलवर, पोटुशी बाई सायकलवर, एक आजीबाई तर कुत्र्याला टोपलीत बसवून सायकलवर. समुद्रात पवनचक्क्या रांगेने उभ्या. बंदराचं पाणी इतकं स्वच्छ केलंय की लोक ऑफिस सुटल्यावर त्यात उड्या मारतात. तुमच्या जावयांवर याचा भयंकर परिणाम झाला. (हा माणूस शारजात ग्रोसरीसमोर गाडीतून उतरत नाही. एसीसाठी इंजिन चालू ठेवून हॉर्न वाजवतो आणि दुकानातला पोऱ्या, बिचारा वली, धावत येऊन चहा नि ब्रेड खिडकीतून देतो.) तिसऱ्या दिवसापासून ते आम्हाला पर्यावरणावर भाषणं देऊ लागले. बहुतेक भाषणं टॅक्सीची वाट बघताना झाली.

शेवटच्या दिवशी आम्ही चौकात उभे होतो. तिथे सरकारी फुकट सायकली असतात. सुपरमार्केटच्या ट्रॉलीसारखं नाणं घालायचं, सायकल सुटते, परत आणून लावली की नाणं परत. एक म्हातारे गृहस्थ आपली सायकल ठेवायला आले, मला बघून त्यांनी अदबीने तीच पुढे केली. मी तोंड उघडायच्या आत आभा म्हणाली, "नो थँक्स, माय मम्मी कान्ट."

डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! ओढणी कमरेला खोचली, त्यांच्या हातात नाणं ठेवलं आणि टांग मारली. मागून जावयांचं "अगं, अगं" ऐकू आलं, तेही लवकरच बंद झालं.

वारा काय, वेग काय! आणि मग लक्षात आलं की ब्रेकच नाही. हँडलला बोटं चाचपतेय, चाचपतेय, काही हाताला लागेना. देवाचं नाव घेतलं आणि पायांनी आपली जुनी खोड काढली. आठवतं, तुमच्या अंगणाशी येताना मी ऐटीत पॅडल उलटे फिरवायची, कर्रकर्र आवाज करत? तसे फिरवले, तर सायकल म्हशीसारखी जागच्या जागी थांबली. मेल्यांनी ब्रेक पॅडलमध्ये ठेवलाय! मागून सायकलच्या पेटीत दोन मुलं घेऊन येणारा दाढीवाला कसाबसा थांबला. वाटलं, आता शिव्या. पण त्याने शांतपणे खुणा करून शिकवलं: थांबायचं तर हात वर, वळायचं तर हात बाजूला. आधी हात, मग वळण.

कळलं सगळं, पण हँडलवरचा हात सुटेना. हात सुटेना म्हणून वळता येईना, वळता येईना म्हणून मी सरळच! शारजात एक यू-टर्न चुकला की माणूस थेट शेजारच्या अजमानला पोचतो, तसं झालं. एक पूल गेला, हँडलवर चिकटवलेला नकाशाही संपला (त्याच्यापुढे ती सायकल न्यायला मनाई आहे म्हणे). शेवटी "आई जगदंबे" म्हणून डावा हात काढला आणि लांब केला. आणि मामा, मागचे सगळे सायकलवाले हळू झाले. माझ्यासाठी! मी चक्क रडले. नंतर वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं म्हणून सांगितलं.

परत आले तर जावई पोलीस शोधत होते. आभा आ वासून बघत होती. तिने एवढंच विचारलं, "हू टॉट यू?" मग तिला तुमची उंच सायकल, दांड्याखालून पाय घालून मारलेले पॅडल, आणि कॅरिअर केव्हाच सोडून "धरलंय, धरलंय" म्हणत मागे धावणारे तुम्ही, सगळं सांगितलं.

परीक्षेचा निकाल कळवायचा म्हणून पाकीट सोमवारपर्यंत उघडं ठेवते. मामीला नमस्कार.

तुमची भाची,
गिरिजा

ता. क. (सोमवार) नापास. पार्किंगसुद्धा बिनचूक झालं होतं हो! मग राउंडअबाउट आला, डावीकडे वळायचं होतं, आणि मी एवढ्या भट्टीत काच खाली करून अख्खा डावा हात बाहेर काढला. सिग्नलला थांबताना हात वर केला तो वेगळाच. इंडिकेटर नावाची वस्तू आठवलीच नाही. पोलिसाने आधी मी कोणाला सलाम करतेय ते वळून पाहिलं, मग म्हणाला, "मॅडम, टॅक्सी बुलाती है क्या? खलास." या वेळी इन्शाल्लासुद्धा म्हणाला नाही.

आणखी ता. क. जावई म्हणाले, आता नाद सोड. तर आभा त्यांच्यावर फिस्कारली, "लेट हर ट्राय अगेन, पापा. शी कॅन सायकल!" मग स्वयंपाकघरात येऊन हळूच मला विचारलं, "कॅन यू टीच मी?" मामा, इथे खाली हायवे आणि वर हे ऊन, कुठे शिकवू? तुमच्या पडवीतली सायकल भंगारवाल्याला देऊ नका.

शेवटचा ता. क. हा नीट वाचा, पत्र खरं याच्यासाठीच लिहिलंय. गणपतीला यायचं तर जावयांना कारण लागेल. तर त्यांच्या ऑफिसच्या पत्त्यावर वेगळं पत्र टाका, टाके फार दुखतात, भाचीला एकदा डोळे भरून बघायचंय, असं जरा कळवळून लिहा. बरं झाल्याचा आनंद मी वर व्यक्त केलाय तो तूर्त मागे घेते, आणि मासे काही दिवस मामीला आणू द्या. सीट खाली करून ठेवा. कॅरिअर धरून मीच धावेन, "धरलंय, धरलंय" मीच म्हणेन. हात कधी सोडायचा, तेवढं मात्र तुम्ही सांगा.