पाला न झाडलेलं रान

कारा-आल्मा,
२७ मे

प्रिय बुरुलताईस,

सोनूनचा सलाम. भावजींचा गुडघा कसा आहे? इकडे गाय व्याली, कालवड झाली. माझी तब्येत उत्तम. फक्त दोन्ही कान ठणकताहेत, त्याचं पुढे सांगते.

पुढच्या शुक्रवारी गाडी घेऊन मला कायमचं ओश शहरात तुझ्याकडे न्यायला येणार, असं लिहितेस. खंडाने घेतलेलं अक्रोडाचं रान जंगलखात्याला परत कर म्हणतेस, चौथ्या मजल्यावर नळाला पाणी आहे, नवरा गेल्यावर एकटी किती दिवस राहशील, असंही विचारतेस. उत्तर देते. पण आधी पावसाचं ऐक.

माझ्या रानाची तुला लाज वाटते, ठाऊक आहे. नवरोजला लोक बहिणीला कापड पाठवतात, तू झाडू पाठवतेस! पाल्यात अक्रोड सापडत नाहीत, उंदीर नेतात, त्या शेजारच्या एशेनकुलचं रान बघ कसं लख्ख, हे तुझं नेहमीचं. खरंच होतं ते. बायको गेल्यापासून त्याला दुसरा उद्योगच नव्हता. सगळा पाला ओढून जाळायचा, वर मेंढ्या सोडायचा. जमीन इतकी टणक झाली होती, की वर नाच करावा. माझी मात्र कंबर दुखते, म्हणून पाला पडला तिथे पडू दिला. शहाणपण वगैरे काही नाही गं, निव्वळ आळस.

गेल्या मंगळवारी दुपारी पाऊस असा काही कोसळला, विचारू नकोस. एशेनकुलच्या उतारावरून पाणी सुटलं ते थेट त्याच्या अंगणात. रजया गेल्या, तंदूरचं झाकण गेलं, बदकंही गेली, पण ती खुशीने. माझं अंगण नुसतं ओलं. पाऊस थांबल्यावर बघते तर माझ्या फाटकात त्याचा झाडू वाहत येऊन अडकलेला, आणि मागोमाग चिखलाने माखलेला तो.

"वहिनी, तुमच्या उतारावरचं पाणी कुठे गेलं?" मी चोरलं असावं तसं विचारतो!

"मला काय विचारता? मी काय त्याच्या मागे फिरते?"

दुसऱ्या दिवशी दोन किटल्या भरून हजर. एक स्वतःच्या रानात ओतली. पाणी घरंगळलं आणि त्याच्याच बुटात गेलं. दुसरी माझ्या पाल्यावर ओतली. चहात बुडवलेल्या शिळ्या पावासारखा पाला सगळं पिऊन गप्प. त्याने खाली हात घातला; काळी, भुसभुशीत माती, कोपरापर्यंत. मग हा साठीचा माणूस टोपी बाजूला ठेवून पालथा पडला आणि जमिनीला कान लावून ऐकू लागला. वाटेवरून इमामाची बायको चालली होती. म्हणाली, "अगं, मेला का हा?"

"म्हणून तुमचा झरा उन्हाळाभर वाहतो, आणि माझा सुरुवातीलाच आटतो," तो पडल्यापडल्या म्हणाला.

"इतकी वर्षं माझ्या झऱ्यावर बादल्या भरताय, आत्ता कळलं?"

"घरात मी एकटा. दिवसातून तीनदा बादल्या कशाला लागतात, सोनून?"

ताई, तो 'वहिनी' म्हणाला नाही.

आता त्याने मेंढ्या वरच्या कुरणावर धाडल्यात. पोतं घेऊन माझा पाला न्यायला आला होता. म्हटलं, माझ्या पाल्याला हात लावू नका, या शरदात तुमचा पडेल तो पडू द्या. तेव्हापासून झाडांकडे बघत बसतो, पानं कधी गळतात म्हणून. मे महिन्यात!

तुझ्याकडे माया आहे, ऊब आहे, हे मी जाणते. पण मला इथेच राहायचंय. एकटीने नाही. काल त्याची थोरली बहीण आली आणि तिने माझ्या कानांत चांदीचे डूल घातले. भोकं कधीच बुजली होती, सुई तापवून पुन्हा टोचावी लागली. मी अशी ओरडले की गाय दावं तोडून पळाली. डूल घातले म्हणजे लग्नाचा शब्द दिला, हे तुला सांगायला नको.

पण आई नाही, आशीर्वादाचा हात तुझाच. मनातून घाबरलेय. तू नको म्हणालीस तर डूल परत करीन आणि तुझ्या गाडीत बसेन. ओशपर्यंत रडेन, पण बसेन.

तेव्हा शुक्रवारी ये. झाडू मात्र आणू नकोस. तुझे आधीचे सगळे जपून ठेवलेत; तू हो म्हणालीस तर अंगण झाडायला लागतील, माणसं येतील.

कान सुजलेत, तरी डूल न काढलेली तुझी धाकटी,
सोनून