वहिनीचा खांदा

प्रिय आई,
तुझ्या दोन्ही गुडघ्यांना नमस्कार, मोडलेल्याला आधी.

मी इथे मजेत आहे. दादा फोनवर म्हणाला, डॉक्टरांनी त्या पायावर भार द्यायला सांगितलं आणि तू वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिलीस. आनंद झाला, पण त्याआधी पोटात दुखलं, हेही लिहायलाच हवं.

तिनं तुझं सगळं केलं, मी नुसती चौकशी केली. तरी जळते. “लेकीपेक्षा सून बरी ना?” असं ती हसत म्हणाली म्हणे. तू काय म्हणालीस, ते दादा सांगत नाही.

पाय ठणकतो का? खरं सांग.

महिनाअखेरीस मला रजा मिळतेय. तोवर घरभर तिच्याबरोबर चाल. जिना मात्र माझ्याच खांद्यावर हात ठेवून उतर.

तुझीच,
धाकटी