लाल गाडीला भाजीच्या व्हॅनचं इंजिन

आखाडा बाळापूर
९ फेब्रुवारी २००३

तीर्थरूप दगडोबा मामांस रत्नपालचा सप्रेम जयभीम.

इकडे आमी सगळे बरे आहोत. परभणीच्या बांधकामावर जिने चढून तुमचा गुडघा धरला असं कळलं. एरंडाची पानं गरम करून बांधत जा (माय म्हणते, तुमी बांधणार न्हाई, तरी लिही). बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झकास झालं. आता त्यांना सगळं बराबर दिसून राहिलं, आणि तिथूनच माझी तकलीफ सुरू झाली.

पट्टी निघाल्यावर घरी येऊन ते आधी लाल गाडीपाशी गेले. तुमाला ठाऊकच आहे, हैदराबादच्या डॉक्टरसाहेबांकडं बाबा एकवीस वर्षं ड्रायव्हर होते. साहेब वारल्यावर बाईसाहेबांनी ती दोन सीटची, बिनटपाची विलायती स्पोर्ट्स गाडी त्यांच्या हवाली केली. गावाकडं आणताना वाटेत पाणी संपलं, इंजिनाचा ब्लॉक तडकला आणि गाडी ट्रकवर चढून घरी आली. तेव्हापासून सतरा वर्षं ती पडवीत उभी. बाबांनी बॉनेटवरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "मरायच्या आधी हिला एकदा चालवायचं."

माझा धंदा विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा, गाडीचं ज्ञान बेताचंच. म्हणून ट्रकच्या मोहनसिंग मिस्तरीला आणलं. तो म्हणाला, हा ब्लॉक जोडून टिकणार न्हाई, याचे पार्टही मिळणार न्हाईत, इंजिनच बदला. पहिली पसंती त्यानं जीपच्या डिझेल इंजिनाला दिली. एवढं धूड आणून मग बसलं न्हाई तर काय, म्हणून मी माप घेऊन ज्वारीच्या धाटांचं नकली इंजिन बांधलं (चांगलं जमलं होतं, सायलेन्सरसकट). ते आत ठेवलं तर बॉनेट वीतभर वर राहिलं. मोहनसिंगनं बॉनेटला भोक पाडायचा सल्ला दिला, त्या दिवशी बाबा जेवले न्हाईत. मग धाटं थोडी कापावी म्हणून ते इंजिन मी अंगणात आणलं आणि विळा आणायला आत गेलो. तेवढ्यात म्हशीनं गिअरबॉक्स खाल्ला. (मोहनसिंग म्हणाला, आता म्हैस चढावर दम सोडणार न्हाई.)

दुसरं इंजिन सेनगावच्या भंगारात सापडलं. भाजीची एक छोटी व्हॅन पलटी झाली होती, तिचं. लहान आहे, पण गिअरबॉक्ससकट आहे आणि मागचीच चाकं फिरवतं, म्हणजे आपल्या गाडीला लागतं तसंच. इंजिनाचे पाये नवे करायचे, मागच्या चाकांकडं जाणारा शाफ्ट नांदेडच्या लेथवर कापून घ्यायचा, रेडिएटर पुढं सरकवायचा. सगळा नकाशा मी कॅलेंडरच्या मागं काढला आणि बाबांपुढं ठेवला.

बाबांनी तोंड फिरवलं. म्हणाले, साहेबांच्या गाडीत भाजीवाल्याचं इंजिन घातलं तर ती साहेबांची गाडी राहील काय? चुलीपुढून माय बोलली.

"तुमच्या डोळ्यात नवं भिंग बसवलं. मी म्हटलं काय, हा माणूस माझा न्हाई, माघारी न्या म्हणून?"

बाबांनी मला विचारलं, गिअर किती. म्हटलं, चार. "हिलाबी चारच होते," असं म्हणून त्यांनी नकाशा जवळ ओढला. आता रोज सकाळी ते बंद गाडीत बसून गिअर टाकून पाहतात. जयंतीच्या आत इंजिन बसवायचं आणि बाबांनी डोंगरकडा गावापर्यंत जाऊन यायचं, असं ठरलं आहे. तब्येतीला जपा.

तुमचा भाचा,
रत्नपाल

ता.क. एक गोष्ट मुद्दाम खाली ठेवली. गाडी आली त्या वर्षी तिला धूळ लागू नये म्हणून तुमीच पडवीच्या तोंडाला भिंत घातली आणि अडीच फुटाचं दार ठेवलं. इंजिन त्यातून आत जाईल, पण गाडी बाहेर कशी काढावी? मोहनसिंग घण घेऊन आला होता. मायनं त्याला चहा पाजून परत पाठवलं. भावाच्या हातची भिंत भावानंच पाडायची म्हणते. तरी आठ दिवसांची सुट्टी काढून यावं.

ता.क. दुसरा. हे माय सांगून राहिली, मी फक्त लिहितो: दादा, बिनघोर ये आणि भिंत पाड. सतरा वर्षं ती गाडी मी पुसली, पण तिच्यात एकदाबी बसले न्हाई. सीटं दोनच आहेत. तू आणि रत्नपाल मोटारसायकलवर मागून या.