मेलेल्या घोड्याला चणे

११ फेब्रुवारी १९६८, रविवार

सगळ्यांच्या आधी हजर कोण — वरच्या मजल्यावरच्या मालतीबाई! पाहुणे चारला, बाई तीनला. चार खुर्च्या दिल्या ना आम्हाला, मग पहिल्या खुर्चीवर हक्क त्यांचाच! मागून लेक रजनी, केसांत गजरा. बघायला येणार आमच्या अरुणाला, नटली ही!

मग मुलगा श्रीकांत, त्याची आई आणि मामा. मुलगा बारडोलीला बँकेत. शिवाय मुलांसाठी कादंबरी लिहिलीय, उडत्या घोड्याची. छापखाना मामांचा, तपासलीही मामांनीच. तर मामांनी पोरीला सुई ओवायला नाही लावली, पुस्तकच हातात दिलं. “वाच, बाळ.” नात माझी बी. ए. झालेली, पण एका ओळीशी थबकली. मागे गेली, परत तिथेच. मामा म्हणाले, “जरा अडखळते वाटतं. पुढच्या रविवारी पुन्हा येऊ.”

नानखटाई मात्र न अडखळता गेली सगळी.

१३ फेब्रुवारी

पुस्तक इथेच ठेवून गेलेत. मी चौथी शिकलेली, बोट ठेवून वाचते — पण अगं बाई, काय मौज! तिसऱ्या प्रकरणात घोडा नदीत बुडून मेला. राजपुत्र ढसाढसा रडला. आणि पाचव्यात तोच घोडा चणे खातोय! चेटकीण जन्माची आंधळी, तरी राजकन्येच्या हिरव्या शालूला नावं ठेवते. अवसेला चंद्र उगवतो. माझा लेक दिलीप लहानपणी गोष्टीतल्या वाघाचं शेपूट विसरले तरी मला निजू देत नसे!

आणि अरुणा अडली ते पान — एक ओळ दोनदा छापलीय, पुढची गायब! म्हणजे अडखळलं पुस्तक, आणि बोल माझ्या पोरीला!

१७ फेब्रुवारी

अरुणा म्हणाली, “आजी, उद्या पुस्तकाचं काढू नकोस हं. मला पसंत आहेत ते.”

पसंत! घोडा मारून विसरणारा माणूस उद्या बायकोला फलाटावर विसरेल. तोंडाने म्हटलं, “मी कशाला काढू?”

१८ फेब्रुवारी, रविवार

काढलंच!

चहा झाला आणि म्हटलं, “श्रीकांतराव, आमच्या मुलीने वाचलं, आता तुम्ही वाचा. हेच पान.” बिचारा लागला वाचायला. त्याच ओळीशी गाडी बंद! मागे गेला, परत बंद. मी म्हटलं, “जरा अडखळता वाटतं!” मालतीबाईंनी तोंडात पदर कोंबला.

मग मामांकडे वळले. “मेलेल्या घोड्याला चणे कोणी घातले हो, तुम्ही?” म्हणाले, “मुलांना काय कळतंय, आजी!” म्हटलं, “लिहिणाऱ्याला कळत नाही, तपासणाऱ्याला कळत नाही, मग मुलांनीच काय घोडं मारलंय?” मुलाचे कान लाल, मानेवरून घाम. पुस्तक मिटून मांडीवर पालथं घातलं. असा आनंद मला दिलीपच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता!

रजनी तेवढी म्हणाली, “मला तर बहु आवडलं, घोडा परत आला ते!” मुलाने मान वर करून बघितलं तिच्याकडे. बावळट कार्टी.

अरुणा कपबशा विसळत होती. किती वेळ विसळत होती.

२४ फेब्रुवारी

मालतीबाई खुर्च्या न्यायला आल्या. उद्या चारला पाहुणे येतो म्हणालेत त्यांच्याकडे. विचारलं, “कोण?” म्हणाल्या, “तेच.”

चारही खुर्च्या अरुणाने स्वतः वर नेऊन दिल्या.