चीजमधले जंतू

मिखास राजा,

तुमच्या रशियाने आमच्या कारखान्याचं चीज सीमेवरून परत पाठवलं. कागदावर लिहिलं होतं, ‘जंतू सापडले.’ खाली तपासनीस म्हणून तुझी सही! मी हसतच सुटले. गाढवा, दर वर्षी ईस्टरनंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्या रिवाजाप्रमाणे आईच्या थडग्याशी बसून जेवायला इकडे बेलारूसला येतोस आणि जाताना हेच चीज पिशवीभर नेतोस, तेव्हा जंतू कुठे जातात?

कळतं रे मला. आमच्या मोठ्या साहेबांनी तुमच्या मोठ्या साहेबांना गॅसच्या दरावरून उलट उत्तर दिलं, की आमचं चीज नासतं. गेल्या आठवड्यात दोघांनी मिठी मारली आणि परत आलेले तेच चीजचे ट्रक सीमेपार गेले. एका मिठीत सगळे जंतू मेले! तू सही केली नसतीस तर नोकरी गेली असती. मी रागावलेले नाही.

रागावू तरी कोणत्या तोंडाने? निवडणुकीनंतर माझ्या शेजारच्या यंत्रावरच्या हालीनाला पोलिसांनी नेलं. ‘हिला मोर्चात दगड मारताना मी पाहिलं,’ असं लिहिलेल्या पोलिसांच्या कागदावर मी सही केली. त्या दिवशी मी घरी बटाटे सोलत होते.

हे पत्र टाकणार नाही. टपाल फोडून वाचतात. तू मंगळवारी नक्की ये, चीज ठेवलंय. तुझ्या सहीची गंमत आईला मीच सांगेन. माझ्या सहीचं कसं सांगू, ते सुचत नाही. तुझा कागद एका मिठीने रद्द झाला. हालीना अजून आतच आहे.

तुझीच ताई,
झोस्या