पगार कमी आला, त्यानंतर

७ मे, गुरुवार
पगाराचा मेसेज आला. आधी वाटलं, अर्धामुर्धा टाकलाय, उरलेला मागून येईल. संध्याकाळपर्यंत दुसरा मेसेज नाही. चांगलाच कापलाय. बायको, सुनंदा, खोलीचं भाडं द्यायला निघाली होती. म्हणालो, दोन दिवस थांब. तिनं चपला परत काढल्या.

८ मे
मॅनेजर सावंतांना विचारलं. "समद्यांचाच कापलाय गड्या. व्यापारी बेदाणा उचलंनात, कोल्ड स्टोरेजचं भाडं अडकलंय. शेठ तरी काय करणार?" दुसऱ्या पाळीत कंप्रेसर चालवणाऱ्या दत्ताचाही कमीच आलाय. म्हणतो, "फौजी, तू बोल. मिलिट्रीतला म्हणून तुझं ऐकत्यात." बोललो की.

१२ मे
कंप्रेसरच्या खोलीत अमोनियाचा वास. हलका, पण आहे. सील गेलं असणार. कराडच्या मेकॅनिकला फोन. "मागचं बिल द्या म्हणावं शेटला. तवर न्हाई येत." म्हणजे त्याचंही थकलंय. सावंत म्हणाले, नट आवळून घे. आवळले. दुपारनंतर पुन्हा तेच.

१५ मे
सु.नं सरळ विचारलं. "आवं, पगार कमी आलाय न्हवं?" सांगून टाकलं. पोरगी कराडला इंजिनिअरिंगला, तिच्या मेसचे पैसे द्यायचेत. सु. गवारीच्या शिरा काढत बसली.

१९ मे
दत्ता आला नाही. फोन केला. "डोळं लय चुरचुरत्यात रं. मी न्हाई यायचो आता. तू बी सोड."
"आणि राहिलेला पगार?"
"जाऊंदे पगार."
चहाच्या पैशावरून भांडणारा दत्ता हा. फोन ठेवल्यावर बराच वेळ मशीनच्या आवाजाकडेच कान. दोन्ही पाळ्या आता माझ्याच.

२३ मे
सोडावं असं रोज वाटतं. सावंत म्हणाले, मधीच गेलास तर राहिलेलं विसर. मास्क मागितला. दिला, पण जुना. त्यातूनही वास येतो.

२६ मे
घरी आलो तर सु. खुशीत. काम मिळालं म्हणे.
"कुठं?"
"तुमच्यातच की. बेदाणा निवडायला. सावंतसायबांनीच बोलावलं. रोजचं रोज पैसं."
निवडायचा हॉल म्हणजे कंप्रेसरच्या भिंतीपलीकडं. नको म्हणालो. वासाचं सांगितलं, पहिल्यांदाच. ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "तिथं बसणाऱ्या बायकांना सांगितलंय का तुमी?"


२८ मे
सु. गेलीच. म्हणाली, मी बघते तरी. जेवणाच्या सुट्टीत हॉलमध्ये डोकावलो. सगळ्या खोकतायत. कुणी म्हणतं सर्दी, कुणी म्हणतं बेदाण्याची धूळ. सु.नं पदर नाकाला लावलेला. सावंतांना म्हणालो, प्लांट बंद करतो. "कर की. माल खराब झाला तर तुझ्याच पगारातनं कापंन."

२९ मे, शुक्रवार
सकाळी पाइपच्या जोडावर पांढरी वाफ. मशीन बंद केलं. हॉलमध्ये जाऊन ओरडलो, बाहेर व्हा. सु. उठली म्हणून बाकीच्या उठल्या. अंगणात उभ्या राहून एकच विचारत होत्या, आजची हजेरी धरणार का.

शेठ आले. आत गेलेच नाहीत. रुमाल नाकाला. "तुला कुणी सांगितलं बंद करायला?" मी म्हणालो, माणसं मरतील. म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. दारातून निघतोय तोच मागं मशीन सुरू झाल्याचा आवाज. कुणी सुरू केलं ते दिसलं नाही.

दोघं घरी आलो. तक्रार कुठं द्यायची ते उद्या विचारायचं. पण हॉल सकाळीच भरतो, बायकांना आजच सांगायला हवं. सु.नं दोन दिवसांत चौघींचे नंबर घेतलेले. पहिलीला लावला. स्पीकरवर होता. "तुमच्या मालकाचं काम गेलं म्हणून आमचं बी घालवताय व्हय, वैनी?"

फोन कट.

सु. दुसरीला लावतेय. रिंग जातेय.